पुढची चाकं ओढत नाहीत

सासऱ्यांची पिकअप फाटकातून आत वळताना दिसली आणि मिस्त्रीने अंगात चढवलेला बरा शर्ट काढून परत खुंटीला लावला. गॅरेजला सुट्टी होती. दुपारपर्यंत लोळायचं आणि ऊन उतरल्यावर बायकोबरोबर तिच्या मैत्रिणीकडे जाऊन यायचं, एवढाच बेत होता. तो बारगळला हे त्याला इंजिनाच्या आवाजावरूनच कळलं. घर गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत असलं की सुट्टी असून नसल्यासारखी असते. गिऱ्हाइकांना निदान कुलूप दिसतं, नातेवाइकांना तेही दिसत नाही.

रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता हाक दिली, "आली हो तुमची म्हातारी माहेरपणाला."

मिस्त्रीने मान हलवली. म्हातारी म्हणजे पिकअप. तिचा मूळ रंग कोणता होता यावर आता मतभेद होते. मागचा हौदा दोनदा बदललेला, दारं दुसऱ्याच गाडीची, पण इंजिन ठणठणीत आणि चारही चाकांना ओढ देणारी जुन्या पद्धतीची यंत्रणा अजून शाबूत. सासरे हीच गाडी घेऊन डोंगरावरच्या वस्तीला माल पोचवत. गुरांचं खाद्य, सिमेंट, पिठाच्या गोण्या, कुणाचं औषध, कुणाची शिवणाची मशीन. वर जाणारा रस्ता निम्मा खडीचा आणि निम्मा मातीचा होता. एका वळणावर कातळातून बारमाही पाणी पाझरायचं. तिथे नुसती मागची चाकं फिरून भागत नसे, पुढच्यांनी ओढावंच लागे.

सासरे खाली उतरले, दार दोनदा आपटून लावलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "पुढची चाकं ओढत नाहीत, मिस्त्री."

जावयाला ते एरवी मिस्त्रीच म्हणत. जावईबापू हा शब्द ते राग आल्यावर वापरत. हे वाक्य मिस्त्री आता इतक्यांदा ऐकून चुकला होता की त्याने काय झालं, कुठे झालं असलं काही विचारलंच नाही. पहिल्या खेपेला डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लागत नव्हता, म्हणून त्याने त्याचा स्विच बदलला. पुढच्या खेपेला गिअरशेजारच्या लहान दांड्याचे बुश झिजलेले निघाले. दांडा पूर्ण जागेवर बसत नसेल, असं म्हणून त्याने ते नवे घातले. त्यानंतर पुढच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, खुळखुळत होता, तोही बदलून झाला. प्रत्येक वेळी दोष सापडला होता, आणि प्रत्येक वेळी सासरे पुन्हा आले होते. मिस्त्रीला याचाच शीण होता. जुन्या गाडीत शोधायला बसलं की काहीतरी सापडतंच आणि सापडलं की माणूस शोधायचं थांबतो. हे तो दुसऱ्या मेकॅनिकांबद्दल नेहमी म्हणायचा.

मिसरूड फुटायच्या आधीपासून तो गाड्यांखाली झोपत आला होता. आता खाली जायला वेळ लागत नसे, पण वर यायला लागायचा. आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग बंपर धरायचा. कंबर धरली की बायको मलम चोळून देई आणि तेवढ्यात घरातले सगळे रखडलेले विषय काढी, कारण पालथा पडलेला नवरा उठून जाऊ शकत नाही. गावात त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, तो वेळ लावतो. दुसरी, तो गाडीबद्दल खोटं बोलत नाही. दुसरीचा त्याला अभिमान नव्हता. खोटं सांगितलं की ते लक्षात ठेवावं लागतं आणि तेवढी उसंत त्याला नव्हती, असं तो म्हणे.

गाडी वर घेण्याआधी तो चहाला घरात आला, तेव्हा बायकोने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेर तिचे वडील पंक्चरवाल्याशी टायरच्या दर्जावर वाद घालत होते.

मागच्या आठवड्यात काय झालं ते तुम्हाला कळलं का, असं तिने विचारलं. त्याला कळलं नव्हतं. वस्तीवरची एक बाई बाजारात भेटली होती, तिच्याकडून हिला समजलं. पाझराच्या वळणावर भरलेली गाडी चढता चढता थांबली आणि मागे घसरत आली. दरीच्या बाजूला गेली नाही, कातळाला टेकून अडकली, एवढंच नशीब. बाबांनी घरी येऊन यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. हौद्याचा कोपरा चेपला होता, तो फाटकाला लागला असं त्यांनी सांगितलं होतं.

"तुम्ही त्यांना सांगा, गाडी संपली," ती म्हणाली. "सामान मिळत नाही म्हणा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. गाडीच्या बाबतीत तुमचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ."

"म्हणूनच सांगता येत नाही."

"का?"

"आजवर कुणाला सांगितलं नाही तसं."

"मग आता शिका."

ती चिडलेली नव्हती. रात्र रात्र जागून काढणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा तिचा आवाज होता, सपाट. मिस्त्रीने चहा संपवला आणि कबूल केलं की आज दोष सापडला नाही, तर तो हात टेकल्याचं सांगेल. तेवढं खोटं होणार नाही. ती म्हणाली, सापडू नये म्हणजे झालं.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. ही त्याची सवयच होती. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध मुठीएवढं गोल बटण असतं, त्याला हब म्हणतात. ते फिरवून बाणाची खूण बंदच्या खाचेवर आणली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं आणि उलट फिरवलं की मोकळं होतं. साध्या रस्त्यावर ते मोकळं ठेवायचं, चढाच्या आधी खाली उतरून दोन्हीकडचं बंद करायचं. मिस्त्रीने चालता चालता उजवं बंद केलं, वळसा घालून डावं बंद केलं, आणि मग जॅक लावून गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली.

चारही चाकं अधांतरी झाल्यावर त्याने लहान दांडा ओढला. दिवा लागला. खाली जाऊन त्याने पुढचा शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, तो जाम होता, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना वाटून देणारी पेटी, ट्रान्सफर केस, आपलं काम करत होती. इंजिन चालू करून गिअर टाकला तर पुढची चाकं झकास फिरली. ब्रेक दाबून जोर दिला तरी कुठे कटकट नाही, कुठे सुटणं नाही. तेल काढून बोटांवर चोळून पाहिलं, त्यात धातूचा कीसही नव्हता. गाडी खाली उतरवून त्याने ती गॅरेजमागच्या मुरमाच्या ढिगावर चढवली. म्हातारी एखाद्या शेळीसारखी वर गेली आणि वर जाऊन उभी राहिली.

सासरे खाली उभे राहून बघत होते. "तुमच्या हातात बरी वागते," ते म्हणाले. "माझ्यावरच राग आहे तिचा."

मिस्त्री ढिगावरच स्टिअरिंगवर हात टाकून बसून राहिला. बायकोला दिलेल्या शब्दाप्रमाणे आता खाली उतरून हात टेकले असं सांगायला हरकत नव्हती. पण त्याला एक गोष्ट डाचत होती. एवढ्या खेपांत गाडी त्याच्यासमोर एकदाही अडली नव्हती. जे पाहिलं नाही ते तो दुरुस्त करत बसला होता. शिकाऊ असताना अशा चुकीसाठी त्याने शिव्या खाल्ल्या होत्या आणि आता शिव्या घालायला कुणी उरलं नव्हतं, एवढाच फरक.

"मामा, माल भरा," तो म्हणाला. "आपण वर जाऊ. गाडी तुम्ही चालवा, मी नुसता बसतो."

सासऱ्यांना ते आवडलं नाही. सुट्टीच्या दिवशी कशाला, उद्या जाईन, तुमची कंबर, असं बरंच काही निघालं. पण गोण्या दुकानात तयार होत्या आणि वस्तीवर वाट बघत होते. अखेर मिस्त्रीने दोन्ही हब पुन्हा मोकळी केली आणि ते निघाले. बायको दारात आली होती. मिस्त्रीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

सासरे गाडी छान चालवत. घाई नाही, विनाकारण ब्रेक नाही. वळणावर हॉर्न, समोरच्याला जागा. वाटेत ते रस्त्याच्या ठेकेदाराबद्दल आणि जावयाच्या वाढलेल्या पोटाबद्दल सारख्याच कळकळीने बोलले. डांबर संपतं तिथे कातळाला लागून थोडी सपाट जागा होती. त्यांनी गाडी अगदी कातळाच्या कुशीत घातली, वरून उतरणाऱ्या वाहनाला जायला जागा राहावी म्हणून. रस्त्यावरचे सगळे जुने ड्रायव्हर असंच करत. मग ते उतरले. मिस्त्री जागेवरून हलला नाही. ते उजव्या चाकाशी वाकले, दोन्ही हातांनी हब फिरवलं. पुढून वळसा घालून डावीकडे आले. तिथे चाक आणि कातळ यांच्यात जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी फट होती. ते खांदा आत घालून बसले, उजवा हात लांबवला, काहीतरी केलं आणि उठून परत आले.

पाझराच्या वळणावर गाडी थांबली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल हौद्याखाली आपटू लागला. दिवा लागलेला होता. दांडा जागेवर होता.

"बघा," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं. शेवटी साक्षीदार मिळाला होता.

मिस्त्रीने हँडब्रेक ओढायला सांगितला, उतरून मागच्या चाकांमागे दगड लावले आणि गाडीभोवती फेरी मारायला निघाला. सवयीने त्याचा हात उजव्या हबकडे गेला, ते बंद होतं. डाव्या हबपाशी पोचला तेव्हा हात पुढे झालेला होता, तो त्याने मधेच आवरला आणि आधी पाहिलं. बाण कुठल्याच खाचेवर नव्हता, दोन्हींच्या मधे होता. एक चाक मोकळं राहिलं की इंजिनाचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूने निसटून जातो आणि दुसरं चाकही मेल्यासारखं पडून राहतं. गॅरेजमध्ये हे कधीच दिसणार नव्हतं. तिथे दोन्ही हब तो स्वतः, तपासायच्या आधीच, चालता चालता बंद करत आला होता.

"मामा, इकडे या जरा."

सासरे आले. मिस्त्रीने हब पूर्ण मोकळं केलं आणि त्यांना बंद करायला सांगितलं, फक्त उजव्या हाताने. त्यांनी बोटं ठेवली. मनगट फिरलं, बोटं हबवरून घसरली, हब अर्ध्यावर थांबलं. ते दरीकडे बघत होते.

"लागलं?" मिस्त्रीने विचारलं.

"लागलं."

मिस्त्रीने बाणाकडे बोट दाखवलं. सासऱ्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ ते त्या बाणाकडे पाहत राहिले. मग उजव्या हाताची बोटं त्यांनी डाव्या हाताने एकेक करून दाबली, जशी काही ती दुसऱ्याची होती.

कधीपासून, असं मिस्त्रीने विचारलं. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, मग सकाळी हात जड वाटायचा, आता अंगठा आणि दोन बोटं यांच्यात काही कळतच नाही. गरम पेला धरला तरी कळत नाही. गाडीशी याचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. आणि मग मान न उचलता ते म्हणाले, वाटलं होतं, पण गाडीतच काहीतरी निघतंय म्हटल्यावर बरं वाटायचं. तुम्ही दर वेळी काहीतरी काढून दाखवायचात.

मिस्त्रीला ते वाक्य चांगलंच लागलं.

"आजपासून मी मोकळ्या जागी थांबवीन," सासरे म्हणाले. "दोन्ही हातांनी लावीन. मिटलं."

"हबचं मिटलं. आणि स्टिअरिंगचं?"

सासऱ्यांनी उजवा हात खिशात घातला.

"मागच्या आठवड्यात इथंच घसरलात. हात कुठे होता, कळलं होतं का तुम्हाला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मग त्यांच्या लक्षात आलं की कुणीही सांगितलं असेल, तेव्हा तो प्रश्न त्यांनी सोडून दिला. चिखलातून एक खडा उचलून त्यांनी दरीत टाकला. "एक करा," ते म्हणाले. "घरी सांगा, गाडीचंच काहीतरी झालंय. गिअर तुटले म्हणा. मी गाडी उभी करतो, पुन्हा हात लावत नाही. पण हाताचं तिला सांगू नका. ती मला खुर्चीत बसवून ठेवील आणि भरवायला लागेल."

सकाळी बायकोने मागितलं होतं तेच आता तिच्या बापाने मागितलं. एकाच घरातली दोन माणसं एकमेकांना कळू न देता त्याच्याकडून एकच खोटं मागत होती. मिस्त्रीला हसू आलं नाही. त्याला बसावंसं वाटलं. पण चिखल होता, म्हणून त्याने हब बंद केलं, सासऱ्यांना डावीकडच्या सीटवर बसवलं आणि गाडी सुरू केली. म्हातारीने वळण एका दमात काढलं. वस्तीवर गोण्या उतरवून ते परत फिरले तेव्हा दोघांनीही ठेकेदाराचा विषय काढला नाही.

घरी बायको उंबऱ्यातच उभी होती. गाडी नवरा चालवतोय हे तिने पाहिलं आणि काय ते समजल्यासारखं बाजूला होऊन दोघांना आत घेतलं. सासरे पलंगाच्या कडेला बसले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, वडिलांनीही पाहिलं. दोघांच्या नजरेत एकच अपेक्षा होती आणि ते फक्त मिस्त्रीला माहीत होतं.

"संपली गाडी," तो म्हणाला.

"काय झालंय?" बायकोने विचारलं. तिने प्रश्न विचारायला नको होता. पण वडिलांसमोर तो विचारल्याशिवाय नाटक पुरं झालं नसतं.

"ट्रान्सफर केस गेली. आतली साखळी, गिअर, सगळंच. सामान येत नाही आता. येत असतं तरी बसवण्यात अर्थ नाही, केसिंगलाच चीर आहे." सुरुवात करणं अवघड गेलं होतं. एकदा सुरू झाल्यावर शब्द आपोआप येत गेले, हे त्याला आवडलं नाही. "मुळात ती बनावटच कच्ची होती. मी आधीच सांगायला हवं होतं."

"कच्ची?" सासरे म्हणाले.

मिस्त्रीने डोळ्यांनी खुणावलं. सासऱ्यांनी खुणेकडे लक्ष दिलं नाही. ते उठून उभे राहिले होते.

"कच्ची कुणाला म्हणता, जावईबापू? इतकी वर्षं डोंगर चढली ती. एकदा उघडायला लागली नाही ती केस. आज तुम्हीच तेल काढून बघितलंत, तुमच्या बोटांना कीस लागला का?"

"मामा, बसा."

"नाही बसत. चीर आहे म्हणे. माणसाने जिभेला काही हाड ठेवावं." मग ते मुलीकडे वळले. उजवा हात त्यांनी तिच्यासमोर धरला, एखादा सुटा भाग दाखवावा तसा. "गाडीला काही झालेलं नाही. हे गेलंय. मला हब लावता येत नाही, कळतच नाही लागलं की नाही ते. मीच यांना सांगितलं गाडीवर ढकला म्हणून. पण एवढं नको होतं."

मग बायकोने वडिलांना काहीच न विचारता नवऱ्याला विचारलं, "म्हणजे तुम्ही मला खोटं सांगत होतात?"

"सकाळी तूच शिकवलंस."

सासऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. सकाळी काय शिकवलं गेलं हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. तेव्हा ते पुन्हा पलंगावर बसले आणि म्हणाले की या घरात सरळ बोलणारी एकटी ती गाडीच आहे.

डॉक्टरांनी मानेतली नस दबल्याचं सांगितलं. व्यायाम, पट्टा, फरक पडला नाही तर ऑपरेशन, आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ऑपरेशनचं नाव काढल्यावर सासऱ्यांनी गाडीचं काय होणार हे विचारलं, तेव्हा आपण गाड्यांचे डॉक्टर नाही असं उत्तर मिळालं. मुलीने त्यांना खुर्चीत बसवलं नाही आणि भरवलंही नाही. ती फक्त त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. घसरल्याचं लपवल्याचा राग उतरायला वेळ लागणार होता. नवऱ्याशी तर ती त्याहून कमी बोलायची. कंबर धरली तेव्हा मलमाची डबी तिने त्याच्या हातात दिली.

गाडी विकायची असं ठरलं. पण चालू गाडी म्हणूनच विकायची, भंगारात नाही, एवढी अट सासऱ्यांनी घातली. असं गिऱ्हाईक लगेच मिळणार नव्हतं. दरम्यान वस्तीवरून निरोप येत होते. खाद्य संपत आलं होतं, कुणाच्या तरी घराचं छत पत्र्यांसाठी अडलं होतं. दुसरा कुणी ड्रायव्हर पाझराच्या वळणाचं नाव काढलं की दुसरीकडे बघायचा.

म्हणून पुढच्या सुट्टीला मिस्त्रीने बरा शर्ट खुंटीवरून काढलाच नाही. गोण्या आणि पत्रे भरले, सासरे मानेला पट्टा लावून डावीकडे येऊन बसले. येऊ नका म्हणून सांगून झालं होतं. पंक्चरवाल्याने नवीन ड्रायव्हर कुठून आणला असं विचारलं आणि सासऱ्यांनी जरा शिकाऊ आहे, सांभाळून घ्या, असं उत्तर दिलं.

मिस्त्री गाड्या दुरुस्त करण्यात हुशार होता, चालवण्यात बेताचा. वाटभर सासरे बोलत होते. क्लच जाळू नका. आरशात बघा. हॉर्न द्या. डांबर संपलं तिथे त्याने गाडी मोकळ्यावर थांबवली, तर कातळाला लावा, वरून कुणी आलं तर कुठून जाईल, असं ऐकावं लागलं. त्याने गाडी पुढेमागे करून कातळाला लावली, उतरला, उजवं हब बंद केलं आणि डाव्या बाजूच्या फटीत आडवा शिरला. बाहेर निघताना कंबरेत चमक आली. थोडा वेळ तो कातळाला हात टेकून तसाच उभा राहिला. अजून चढ व्हायचा होता, गोण्या उतरवायच्या होत्या, पत्रे एकट्यानेच काढायचे होते. परत येईतो सुट्टी संपणार होती.

तो आत येऊन बसला. सासऱ्यांनी पट्ट्यामुळे सगळं अंग त्याच्याकडे वळवलं आणि पाझराच्या वळणाला गाडी कोणत्या गिअरमध्ये न्यायची ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मिस्त्री ऐकत राहिला. ते बरोबरच सांगत होते.